सिरोंच्यातला खाद्यउद्योग आणि 35 टक्क्यांचा हिशेब

सिरोंचा तालुक्यात मिरची कांडपाचं यंत्र बसवायचं असो की बचतगटाला मोहाचे लाडू विकायचे असोत, पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकार किती देतं? उत्तरही पटकन मिळतं, 35 टक्के. ते खरंच आहे. पण ही रक्कम कशावर मिळते, कुणाच्या खात्यात जाते आणि आपल्या उपयोगी कधी पडते, हे आधी समजून न घेतल्यामुळे चांगले चांगले उद्योग पहिल्याच वर्षी अडकतात. म्हणून ही वाट सावकाश चालून पाहू.

हे 35 टक्के देणारी केंद्राची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 च्या जूनमध्ये सुरू झाली. तिच्यासाठी 10,000 कोटी रुपयांची तरतूद होती, आणि सुरुवातीच्या पाच वर्षांनंतर तिला 2025-26 पर्यंत मुदतवाढ मिळाली. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. त्यामुळे चौकशीची पहिली जागा म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, हे तिथेच आधी विचारावं. अर्ज ऑनलाइन असतो. तो भरायला आणि प्रकल्प अहवाल तयार करायला मदत करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून दिलं जातं, अर्जदाराने त्यांना एक रुपयाही द्यायचा नसतो. हे ठणकावून सांगायला हवं, कारण अर्ज भरून देण्याचे पैसे मागणारे दुसरे लोक सगळीकडे भेटतात.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, मिरची आणि हळद दळण्याचा उद्योग टाकायचा आहे आणि यंत्रं व शेडची दुरुस्ती मिळून खर्च 6 लाख रुपये आहे. यातले किमान 10 टक्के, म्हणजे 60 हजार, स्वतःचे घालावे लागतात. उरलेले 5 लाख 40 हजार बँक कर्ज म्हणून देते. अनुदान 6 लाखांच्या 35 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार. वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

हे 2 लाख 10 हजार तुमच्या हातात येत नाहीत. बँकेने कर्ज दिल्यावर ते तुमच्या कर्जाला जोडलेल्या वेगळ्या खात्यात जमा होतात आणि तीन वर्षं तिथेच राहतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, म्हणजे व्याज 3 लाख 30 हजारांवरच चालतं. तीन वर्षांनी उद्योग चालू असेल आणि हप्ते नियमित असतील तर ती रक्कम कर्जात वळती होते. खातं थकीत गेलं तर अनुदानही हातचं जातं. थोडक्यात, आधी कर्ज आणि मग अनुदान. बँकेने नाही म्हटलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शिफारस केलेला अर्जही जागच्या जागी राहतो. म्हणूनच अर्जाआधी सिबिल पाहावं, जुनं पीककर्ज थकलेलं असेल तर ते मिटवावं, आणि बँकेच्या साहेबांना एकदा प्रत्यक्ष भेटून यावं.

अनुदान मोजताना जमिनीची किंमत धरत नाहीत. बांधकामाचा खर्च प्रकल्प खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चा माल घ्यायला लागणारं खेळतं भांडवल अनुदानाच्या हिशेबात येतच नाही. सिरोंच्यात घोडं अडतं ते इथेच.

मोहफुलाचंच बघा. मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडेच फूल गळतं. ते पहाटे वेचायचं, अंगणात पातळ पसरून उन्हात कडक वाळवायचं, आणि ओल राहिलेलं बाजूला काढायचं, कारण ओलं फूल पोत्यात गेलं की काळं पडतं, त्याला बुरशी येते. लाडवासाठी किंवा सरबतासाठी फूल हवं असेल तर झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ कापड अंथरावं लागतं, नाहीतर मातीची कचकच दातांखाली येतेच. असं निवडक फूल वेचणाऱ्या बायांना जागच्या जागी रोख द्यावी लागते, तीही वर्षभराच्या मालाची, एका महिन्यात. इथे यंत्र थोडं लागतं, रोकड फार लागते. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं सैल केली, त्यामुळे हा धंदा उघडपणे करता येऊ लागला. पण भांडवलाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

म्हणून वनोपजासाठी माझा कल बचतगटाच्या वाटेकडे आहे. याच योजनेत, आधीपासून खाद्यपदार्थ बनवणाऱ्या गटांना दर सदस्यामागे 40 हजार रुपये बीज भांडवल मिळतं, ते खेळतं भांडवल आणि लहान अवजारं यांसाठीच. दहा बायांच्या गटाला 4 लाख. हे पैसे गटाच्या संघाकडे येतात, सदस्य ते कर्जाऊ घेतात आणि गटालाच परत करतात, म्हणजे पुढच्या हंगामात तेच पैसे पुन्हा फिरतात. हे काम ‘उमेद’ अभियानातून होतं. माझ्या मते या भागासाठी योजनेतला सगळ्यात कामाचा भाग हाच.

दुसरी वाट वनोपजावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या वनधन केंद्राची. ही योजना 14 एप्रिल 2018 रोजी इंद्रावतीपलीकडच्या विजापूर जिल्ह्यात, छत्तीसगडमध्ये, सुरू झाली. साधारण 15 गट आणि 300 सदस्य मिळून एक केंद्र होतं, आणि त्याला 15 लाखांपर्यंत मदत मिळते. महाराष्ट्रात तिचं काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे आहे. तीनशे जणींना एकत्र बांधून ठेवणं सोपं नाही. पण जिथे ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः सांभाळते, तिथे ही सवय आधीच असते.

भाताची छोटी गिरणी, डाळमिल किंवा मिरची कांडप यांना मात्र वैयक्तिक 35 टक्क्यांची वाट बरी. तिथे खर्च यंत्राचाच असतो, आणि दळायचं धान्य गिऱ्हाईक स्वतः घेऊन येतं. यंत्राचं कोटेशन घेण्याआधी गावात थ्री फेज वीज किती तास असते ते पाहावं. या एका गोष्टीवर हप्ता फिटणार की नाही ते ठरतं.

आणखी एक अडचण कोणत्याच अर्जात लिहायला जागा नसते: अंतर. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, वाट जंगलातली. उलट गोदावरीवरच्या पुलावरून तेलंगणातलं काळेश्वर समोरच. कॅनडात उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांसाठी 2011 पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना आहे. तिच्यात तिथवर नेलेल्या मालावर सरकार दुकानदारांना अनुदान देतं, म्हणजे तो गिऱ्हाइकाला स्वस्त पडावा. अंतर हाच मोठा खर्च आहे, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे पुण्याजवळच्या उद्योगाला आणि सिरोंच्यातल्या अंकिसा-आसरअल्लीच्या उद्योगाला टक्केवारी एकच. दुर्गम तालुक्यांसाठी वाहतुकीचा वेगळा भाग धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोवर माल तेलंगणच्या बाजारात विकण्याची तयारी ठेवणं हेच शहाणपणाचं.

त्यासाठी वेष्टनाचा नियम माहीत हवा. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, शिवाय दुसरी भाषा घालता येते. म्हणजे नुसतं मराठी वेष्टन चालत नाही, आणि पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी तेलुगू आनंदाने घालता येतं. सिरोंच्यात तेलुगू लिहिणारं माणूस शोधावं लागत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी लहान उद्योगाला वर्षाला 100 रुपयांत होते, उद्यम नोंदणी फुकट होते. ही दोन्ही कागदपत्रं बँकेत जाण्याआधी हातात असावीत.

बँक, समिती आणि पुन्हा बँक अशा फेऱ्यांत महिने जातात, आणि पावसाळ्यात नाले भरले की येणं-जाणंच थांबतं. मार्चमध्ये मोहफूल घ्यायचं असेल तर गटाचा ठराव आणि कागदपत्रं आदल्या उन्हाळ्यातच उरकावीत, आणि दिवाळीपर्यंत बँकेचा होकार किंवा नकार लेखी मिळवावा. नकार आलाच तर निदान बीज भांडवलाच्या वाटेने जायला चार महिने शिल्लक राहतात.