पेणचा गणपती आणि काढलेली दाढ

दाढ काढली की ठणका थांबतो, आणि माणूस ‘सुटलो बाबा’ म्हणतो. जबडा मात्र लगेच आवरतं घ्यायला लागतो! दाताला धरून ठेवणारं हाड दातासोबतच घडतं आणि दात गेला की झिजतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. आधी ढासळते ती बाहेरची, गाल-ओठांकडची भिंत. वरच्या पुढच्या दातांपाशी ती बहुतेकदा एक मिलिमीटरही जाड नसते.

ही झीज बरीच कमी करता येते. दात काढल्याबरोबर खळग्यात हाडाच्या जागी बारीक कण भरायचे, वर पातळ पडदा ठेवून टाके घालायचे. त्या कणांच्या आधाराने शरीर स्वतःचं हाड तयार करतं.

पण हे कण कशाचे? चला, रायगडच्या किनाऱ्यावरच शोधू.

पेणमध्ये गणपतीच्या साच्यांत ओततात ते प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. 1892 साली जर्मनीत ड्रेसमन या शल्यचिकित्सकाने हाडातल्या पोकळ्या त्यानेच भरल्या होत्या! त्याचं शुद्ध, निर्जंतुक रूप आजही वापरात आहे. ते काही आठवड्यांत विरघळतं, म्हणून बरेचदा दुसऱ्या कणांत मिसळतात.

काशीद-मुरूडच्या वाळूत सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेस म्हणजे माकूळाच्या अंगातला सांगाडा. फॉस्फेटच्या द्रावणात दाबाखाली तापवला की त्याचं हायड्रॉक्सीअॅपेटाइट होतं, आपल्या हाडातल्या खनिजासारखंच. समुद्रफेसाचे प्रयोग अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. प्रवाळ मात्र पुढे गेलं. संशोधक डेला रॉय यांनी 1974 मध्ये त्यावर ही प्रक्रिया मांडली आणि त्यापासून बनलेलं साहित्य माणसांच्या जबड्यांतही बसलं.

घारापुरीसमोर, पाण्यापलीकडे, ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात 1974 पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक होतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. दात्यांचं हाड तिथे गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मला तर ही सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते : कुणा अनोळखी माणसाचं दान आपल्या घासाच्या कामी येतं.

जगभर खूप वापरली जाते ती गाई-बैलांच्या हाडापासून केलेली, प्रथिनं काढून टाकलेली भुकटी. श्रद्धेचा प्रश्न असेल तर दात काढण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हे कण कशाचे?’ कृत्रिम पर्याय मिळतात.

अक्कलदाढ काढली तर याची सहसा गरज नसते. इम्प्लांट, म्हणजे जबड्यात रोवायचा कृत्रिम दात, बसवायचा असेल तर उपयोग मोठा, पण कण भरल्यावर साधारण चार ते सहा महिने थांबावं लागतं. आणि त्या काळात मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि भरलेले कण वाया जाण्याचा धोका वाढतो.