फिनिश लोकगीतांतील 'जाणता' आणि आजची शामान निसर्गशिबिरे : परंपरा व पुनर्रचना

प्रस्तावना :

गेल्या काही दशकांत युरोपीय देशांमध्ये 'शामान' या नावाने चालणारी निसर्गशिबिरे लोकप्रिय झाली आहेत. फिनलंडमधील अशा शिबिरांची पार्श्वभूमी विशेष लक्षणीय आहे. तळ्याकाठचे लाकडी घर, अरण्यातील मौन भ्रमण, सौना, ढोलाच्या ठेक्यावरील ध्यान, कान्तेले या तंतुवाद्याच्या साथीने लोकगीतांचे सामूहिक गायन आणि 'कालेवाला' या महाकाव्यातील कथांचे निवेदन असे त्यांचे सामान्य स्वरूप असते. 'पूर्वजांचे प्राचीन ज्ञान' असा त्यांचा परिचय करून दिला जातो. हे ज्ञान नेमके कोणाचे, ते कोणत्या मार्गाने आजपर्यंत पोहोचले आणि त्यातील कोणता भाग परंपरेचा व कोणता अलीकडच्या जुळणीचा, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्रस्तुत लेखात फिनिश लोकगीतांतील मंत्रज्ञ व्यक्तीचे स्वरूप स्पष्ट करून त्या आधारे या शिबिरांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१) 'शामान' ही संज्ञा :

'शामान' हा शब्द मूळचा सायबेरियातील एवेंकी लोकांच्या तुंगूस भाषाकुलातील असून तो रशियन भाषेमार्फत युरोपात पोहोचला. भावावस्थेत जाऊन आत्म्याने परलोकाचा प्रवास करणारा आणि तेथून रोग्याचा हरवलेला प्राण किंवा शिकारीचे भाग्य परत आणणारा विधिज्ञ असा त्याचा अर्थ रूढ झाला. मिर्चा एलियादे यांच्या १९५१ मधील फ्रेंच ग्रंथाने या संज्ञेला जागतिक व्याप्ती दिली. पुढे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांनी १९८० मध्ये 'द वे ऑफ द शामान' हे पुस्तक प्रसिद्ध करून निरनिराळ्या समाजांतील विधींमधून काही समान तंत्रे वेगळी काढली. जलद, एकसुरी आणि दीर्घकाळ चालणारे ढोलवादन हे त्यातील प्रमुख तंत्र होय. कोणत्याही समाजातील व्यक्तीने अल्प मुदतीच्या वर्गात ते शिकावे, अशी ही मांडणी आहे. आजच्या बहुतेक शिबिरांचा सांगाडा हार्नर यांच्याकडून आलेला असून त्यावर फिनिश पुराणकथांचा साज चढवलेला दिसतो. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट उलगडणार नाही.

२) तिएताया : शब्दांवर सत्ता असलेला जाणता

फिनिश लोकपरंपरेतील मंत्रज्ञास 'तिएताया' म्हणतात. 'जाणणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द बनला आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत वापरला जाणारा 'जाणता' हा शब्द त्याचा अगदी नेमका प्रतिशब्द ठरतो. रक्तस्राव थांबवणे, सर्पदंश व भाजल्याची जखम यांवर उतारा देणे, गुरांचे रक्षण करणे, शिकारीला यश मिळवून देणे ही त्याची कामे होती.

फिनिश संशोधक आन्ना-लेना सीकाला यांनी या परंपरेचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्या मते तिएतायाच्या मंत्रांत फार जुन्या शामानी कल्पनांचे अवशेष आहेत. परंतु लोहयुगात स्कँडिनेव्हियन संस्कृतीशी आलेल्या संपर्कातून या संस्थेला वेगळे रूप प्राप्त झाले. १९ व्या शतकात ज्याच्या नोंदी झाल्या तो तिएताया ढोल वाजवून परलोकी जात नसे. तो आपला रक्षक आत्मा, म्हणजे 'हाल्तिया', जागा करी, उग्र आवेशात येई, दात खाई आणि मंत्र म्हणे. दात पडले की सामर्थ्य ओसरते, अशीही समजूत होती. वेदनेला मूर्त रूप देऊन तिला 'वेदनेच्या टेकडी'वर धाडणारे मंत्र या परंपरेत आढळतात. तिएतायाचे साधन ढोल नव्हते. त्याचे साधन शब्द होते.

३) उत्पत्तीचे ज्ञान :

या मंत्रविद्येचा गाभा 'स्युन्ति' म्हणजे उत्पत्ती या कल्पनेत आहे. ज्या गोष्टीचा जन्म आपल्याला ठाऊक आहे ती आपल्या अधीन होते, असा तिचा आशय आहे. लोखंडाने जखम झाली तर लोखंडाचा जन्म सांगावयाचा, अग्नीने भाजले तर अग्नीचा आणि सापाने डसले तर सापाचा. जन्मकथा ऐकवून त्या वस्तूला तिच्या मूळ नात्याची आठवण करून द्यावयाची आणि केलेल्या अपराधाबद्दल लाजवावयाचे, अशी ही रीत आहे.

'कालेवाला'त वृद्ध गायक वैनामोइनेन याच्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव बसतो. रक्त थांबवणाऱ्या वृद्धाला लोखंडाची उत्पत्ती आठवत नाही. तेव्हा जखमी वैनामोइनेन स्वतःच ती कथा सांगतो आणि मग उपचार पूर्ण होतो. दुसऱ्या प्रसंगी नौका बांधताना त्याला मंत्रातील तीन शब्द कमी पडतात. त्यांच्या शोधात तो प्रथम मृतांच्या तुओनेला या प्रदेशात जातो. तेथे ते न मिळाल्याने जमिनीखाली निद्रिस्त असलेल्या आंतेरो विपुनेन या महाकाय जाणत्याच्या उदरात शिरून ते मिळवतो. नौका घडण्यासाठी लाकूड आणि कौशल्य पुरेसे नाही, नेमका शब्दही हवा, ही श्रद्धा येथे व्यक्त झाली आहे.

या गीतांची रचनाही स्मरणाला अनुकूल आहे. आठ अक्षरावयवांची ओळ, अनुप्रास आणि एका ओळीतील आशय दुसरीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा सांगणे ही तिची तीन वैशिष्ट्ये आहेत. लिपीचा आधार नसलेल्या समाजाने हजारो ओळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या त्या या बांधणीच्या बळावर.

४) अरण्य, अस्वल आणि सौना :

फिनलंडच्या भूभागापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. बिशप मिकाएल आग्रिकोला यांनी १५५१ मध्ये तत्कालीन लोकदैवतांची यादी छापली. तिच्यात शिकार देणारा वनदेव तापियो, जलदेव आहती आणि पर्जन्यदेव उक्को यांचा उल्लेख आहे. यादी निषेधासाठी केलेली असली तरी अभ्यासकांसाठी ती मोलाची ठरली. 'हीसी' हा शब्द मूळ पवित्र राईचा वाचक होता; ख्रिस्ती धर्माच्या प्रभावाखाली तो दुष्ट शक्तीचे नाव बनला. एका शब्दाच्या या अर्थांतरात धर्मांतराचा इतिहास सामावला आहे.

अस्वलाचे खरे नाव न घेता 'मधाच्या पंजाचा' अशा लाडिक नावांनी त्याचा उल्लेख केला जाई. शिकारीनंतर मेजवानी होई, गीते गायली जात आणि कवटी पाइनच्या झाडावर टांगली जाई. अस्वलाला कोणी मारले नाही, ते स्वतःच घसरून पडले, असे गीतात सांगितले जाई. ज्याला मारून खावे लागते त्याची क्षमा मागण्याची ही पद्धत होती. अरण्य हे केवळ विश्रांतीचे स्थान नव्हते. भूक, भय आणि कृतज्ञता यांनी ते व्यापलेले होते.

सौना हे स्थळही असेच होते. तेथे प्रसूती होत, रोग्यांवर उपचार होत आणि मृतांना अखेरचे स्नान घातले जाई. तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेचे 'लोइलु' हे नाव हंगेरियन भाषेतील आत्म्याच्या अर्थाच्या 'लेलेक' या शब्दाशी सजातीय आहे. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

५) गीतांचे संकलन आणि गायकांचे स्थान :

आज शिबिरांतून सांगितल्या जाणाऱ्या कथा प्रामुख्याने 'कालेवाला'तून घेतलेल्या असतात. तिचे कर्ते एलियास लोनरोत (१८०२-१८८४) हे व्यवसायाने वैद्य होते. १८३२ मधील त्यांचा वैद्यकीय प्रबंध फिनिश लोकांच्या मंत्रोपचारांवर होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कायानी येथे जिल्हा वैद्य म्हणून काम करीत असताना त्यांनी पायी प्रवास करून गीते टिपली. १८३५ ची पहिली आवृत्ती १२,०७८ ओळींची होती. १८४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५० सर्ग व २२,७९५ ओळी झाल्या.

सुट्या गीतांना एका कथासूत्रात गुंफण्याचे काम लोनरोत यांचे आहे. वैनो कौकोनेन यांच्या विश्लेषणानुसार दुसऱ्या आवृत्तीतील सुमारे तीन टक्के ओळीच सर्वस्वी लोनरोत यांच्या आहेत. तथापि क्रम, जोड आणि एकसंध कथानक त्यांनी घडवले. त्यामुळे 'कालेवाला' हे प्राचीन धर्मग्रंथ नव्हे, तर लोकसामग्रीतून घडलेले १९ व्या शतकातील साहित्य होय. मूळ गीते 'फिनिश लोकांची प्राचीन गीते' या महासंग्रहात आहेत. १९०८ ते १९४८ या काळात त्याचे ३३ खंड निघाले आणि ३४ वा खंड १९९७ मध्ये आला.

या संग्रहात गायकांची नावे आणि गावे नोंदलेली आहेत. लात्वायार्वी गावच्या आर्हिप्पा पेर्त्तुनेन यांनी १८३४ मध्ये लोनरोत यांना काही दिवसांत चार हजारांहून अधिक ओळी गाऊन दाखवल्या. हे गाव त्या वेळच्या फिनलंडच्या सीमेबाहेर, रशियातील श्वेतसागर करेलियात होते. इंग्रिया प्रांतातील लारिन परास्के (१८३३-१९०४) यांच्याकडून ३२ हजारांहून अधिक ओळी लिहून घेण्यात आल्या. चित्रकारांनी त्यांची चित्रे रंगवली, संगीतकार सिबेलियस यांनी त्यांचे गायन ऐकले. तरीही त्यांचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. राष्ट्राची संपत्ती ठरलेली गीते ज्यांच्या कंठात होती त्यांच्यापर्यंत त्या संपत्तीचा वाटा पोहोचला नाही.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. विष्णु खरे यांनी 'कालेवाला'चा हिंदी अनुवाद केला आहे. तसेच फिनिश लोकविद्या अभ्यासक लाउरी होन्को यांनी कर्नाटकातील गोपाल नाईक या तुळू गायकाचे सिरी महाकाव्य सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रित करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या प्रकाशनाच्या शीर्षकातच गायकाचे नाव आहे. लोनरोत ते होन्को या प्रवासात संकलकाची नैतिक दृष्टी किती बदलली, हे यावरून दिसून येते.

६) ढोलाचा प्रश्न :

फिनलंडमधील शिबिरांत जो ढोल दिसतो त्याचा जवळचा ऐतिहासिक संदर्भ सामी लोकांचा आहे. उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशियाच्या कोला द्वीपकल्पात राहणाऱ्या या आदिवासी समाजातील 'नोआइदी' हा विधिज्ञ चित्रांकित ढोल वापरीत असे. १७ व्या व १८ व्या शतकांत मिशनऱ्यांनी व शासनाने हे ढोल जप्त केले. अनेक जाळले गेले. अँडर्स पॉलसेन या वृद्ध सामी पुरुषावर १६९२ मध्ये नॉर्वेतील वाड्स्यो येथे ढोल बाळगल्याबद्दल खटला चालला आणि निकाल लागण्यापूर्वीच त्याची हत्या झाली. त्याचा ढोल डेन्मार्कच्या ताब्यात गेला व २०२२ मध्ये कारास्योक येथील सामी संग्रहालयाला कायमचा परत मिळाला.

ज्या वाद्यामुळे एका समाजाला शिक्षा भोगावी लागली तेच वाद्य दुसऱ्या समाजाच्या 'पूर्वजांचा वारसा' म्हणून विकले जाते तेव्हा सामी लोकांचा आक्षेप समजून घेणे भाग आहे. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये जबाबदार सामी पर्यटनाची तत्त्वे स्वीकारली. बनावट वेश आणि कल्पित शामान विधी यांमुळे होणारे अपसमज रोखणे हा त्यामागील एक हेतू होय.

७) मूल्यमापन :

ही शिबिरे सर्वस्वी निरर्थक आहेत, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. अरण्यात संथ चालणे, मौन पाळणे, समूहाने गाणे यांतून मनाला विसावा मिळतो, हे सहभागींचे अनुभव खोटे मानण्याचे कारण नाही. लोकगीते ग्रंथालयातून पुन्हा कंठात येणे हेही स्वागतार्ह आहे. १९८३ मध्ये सिबेलियस अकादमीत सुरू झालेला लोकसंगीत विभाग आणि त्याच वर्षी स्थापन झालेला 'वर्त्तिना' हा गायनसमूह यांनी या पुनरुज्जीवनाला भक्कम पाया दिला.

तथापि, दोन फरक दृष्टीआड करता येत नाहीत. पहिला फरक उत्तरदायित्वाचा आहे. तिएताया आपल्या गावातच राही. त्याचा उपाय फसला तर त्याचे परिणाम त्यालाही भोगावे लागत आणि लोकांची भीती व आदर दोन्ही त्याच्या वाट्याला येत. शिबिराचा संचालक आठवड्याअखेर निरोप घेतो. म्हणूनच आजारी वा मानसिक दृष्ट्या खचलेल्या व्यक्तीला उपचाराची हमी देणे धोक्याचे ठरते. लोनरोत यांनी मंत्रांचा आयुष्यभर अभ्यास केला. पण साथीच्या काळात ते रुग्णांकडे गेले ते वैद्य म्हणून. दुसरा फरक काळाचा आहे. दीर्घ श्रवणातून मिळणारी विद्या दोन दिवसांत हाती येत नाही. दोन दिवसांत तिची ओळख होऊ शकते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आजचे फिनिश शामान निसर्गशिबिर तीन प्रवाहांच्या संगमातून घडले आहे : करेलिया व इंग्रियातील गायकांची गीते, हार्नरप्रणीत आधुनिक तंत्र आणि सामी परंपरेतून उसना घेतलेला ढोल. हा संगम लपवून त्याला अखंड प्राचीन परंपरा म्हणणे सत्याला धरून नाही. शिबिरांनी गायकांची नावे घ्यावीत, सामी चिन्हे त्या समाजाच्या संमतीविना वापरू नयेत आणि वैद्यकीय हमी देऊ नये, इतकी अपेक्षा रास्त आहे. ज्या परंपरेचा मूलभूत सिद्धांतच असा की, वस्तूची उत्पत्ती जाणल्याशिवाय तिच्यावर अधिकार चालत नाही, त्या परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी आपल्या विधीची उत्पत्ती सांगण्यास कचरू नये. तसे झाल्यास या शिबिरांत गायली जाणारी गीते खऱ्या अर्थाने त्या जुन्या गायकांच्या गीतांचा पुढचा दुवा ठरतील.