तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा, पण त्यात लिंबू पिळू नका

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे सोनगीर लागतं. तिथला किल्ला प्रसिद्ध आहेच, पण खानदेशात गावाचं नाव घेतलं जातं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. आता तांब्याच्या बाटलीतल्या पाण्याचे रील्स फिरतायत. त्यात खरं किती?

जंतू मरतात, हे खरं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या संशोधनात जुलाबाचे जंतू मुद्दाम पाण्यात सोडून ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं होतं. नंतर जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं होतं लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे रात्री भरून सकाळी प्यायला हरकत नाही. त्याने वजन उतरतं वगैरे मात्र सोडून द्या.

घोळ होतो तो 'डिटॉक्स'च्या नादात त्याच पाण्यात लिंबू पिळल्यावर. काळा पडलेला हंडा चिंचेने लख्ख का होतो? आंबटपणामुळे वरचा थर विरघळतो. लिंबूपाण्याने हेच भांड्याच्या आत होतं आणि विरघळलेलं तांबं पोटात जातं. मग मळमळ, पोटदुखी, उलट्या. ताक, आमटी, लोणच्याचंही तेच.

पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ती यासाठीच. कथलाचा तो पातळ थर अन्नाला पितळ लागू देत नाही. कल्हई उडाली असेल तर त्यात आमटी उकळण्याआधी पातेलं कल्हईवाल्याकडे न्या. आणि घरात कुणाला विल्सन आजार असेल, म्हणजे शरीरात तांबं साठत असेल, तर त्यांच्यासाठी पाणी स्टीलच्या भांड्यातच ठेवा.