खोटं बोलताच येत नाही!

दोस्तांनो, गृहपाठ राहिला की बाईंना काय सांगता? ‘वही घरी विसरली’, ‘पोटात दुखत होतं’! आता समजा, अशी थाप तुम्हांला मारताच आली नाही तर? आणि तुम्हांलाच काय, बाईंना, आईबाबांना, दुकानदाराला, साऱ्या जगालाच खोटं बोलता येत नसेल तर?

हीच कल्पना घेऊन २००९ साली ‘द इन्व्हेन्शन ऑफ लाइंग’, म्हणजे ‘खोटं बोलण्याचा शोध’, हा इंग्रजी विनोदी चित्रपट आला. इंग्लंडचा विनोदी नट रिकी जर्वेस याने मॅथ्यू रॉबिन्सनबरोबर तो लिहिला व दिग्दर्शित केला. नायक मार्क झालाय तोही रिकीच.

या जगातली माणसं मनात येईल ते बोलून मोकळी होतात. ‘तू जाडा आहेस, तुझं नाक बसकं आहे,’ हे मार्कला तोंडावर ऐकावं लागतं. जाहिरातीही खऱ्याच! पेप्सीची जाहिरात म्हणते, ‘कोक मिळत नसेल तेव्हा प्या.’

पण गंमत पाहा, इथे गोष्टीच नाहीत! राक्षस नाही की परी नाही. जे घडलंच नाही ते सांगणार कसं? त्यामुळे सिनेमा म्हणजे एक माणूस खुर्चीत बसून इतिहास वाचून दाखवतो, बस्स!

असे सिनेमे लिहिणाऱ्या मार्कची नोकरी जाते. घरभाडं ८०० डॉलर, खात्यात फक्त ३००. बँकेत जातो तर संगणक बंद. ‘खात्यात किती आहेत?’ बाई विचारतात. मार्क म्हणतो, ‘८००.’ तेवढ्यात संगणक सुरू होतो आणि ३०० दाखवतो. बाईंना वाटतं, यंत्रच चुकलं! माणूस खोटं बोलू शकतो हे त्यांना ठाऊकच नाही ना! आपण म्हणतो, खोट्याच्या कपाळी गोटा. मार्कच्या हाती मात्र नोटा!

पुढे हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. मार्कची आई मरणाच्या दारात असते. ती फार घाबरलेली असते. तिचा हात धरून तो सांगतो, की मेल्यावर एक सुंदर जागा असते, तिथे सगळी आवडती माणसं भेटतात. आई शांतपणे जाते. पण डॉक्टर, नर्स हे ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! प्रत्येकाला त्या जागेची माहिती हवी. एक थाप निभावताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

मार्कचं ॲनावर प्रेम असतं. एक थाप मारली, की तीही लग्नाला तयार होईल. पण इथे मात्र तो थाप मारत नाही. मला चित्रपटात हेच सर्वांत आवडलं. बाकीच्यांना खोटं येतच नाही, मग त्यांच्या खरेपणाचं कौतुक ते काय? मार्कला येतं, तरी तो ते टाळतो. आणि हो, खरं बोलायचं म्हणून कुणाला ‘जाड्या’ म्हणायलाच हवं असंही नाही बरं का! गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

पालकांनो, यातले काही संवाद मोठ्यांसाठीच आहेत. अमेरिकेतही तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत तशी सूचना आहे. तेव्हा आधी आपण पाहा, मग थोड्या मोठ्या मुलांना दाखवा.

आणि दोस्तांनो, आज जेवताना घरी एक प्रश्न टाका : मार्कने आईला जे सांगितलं, ते योग्य की अयोग्य? बघा, आजी काय म्हणते, बाबा काय म्हणतात. आणि तुम्ही? अगदी खरं खरं सांगा हं!