जबडा दुखतो? मान मोडून घेण्याआधी हे वाचा

घास चावताना कानापुढे कळ येते, तोंड उघडताना 'कट्' असा आवाज होतो, सकाळी जबडा आखडलेला असतो. वस्त्यांमध्ये काम करताना ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पुष्कळदा त्याच माणसाची मानही दुखत असते.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या नसा मेंदूच्या तळाशी जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून मानेचे दुखणे जबड्यात जाणवू शकते, जबड्याचे मानेत. दिवसभर मान वाकवून शिलाई मशीन चालवणे, मोबाइल पाहणे, ताणतणाव, झोपेत दात खाणे यांनी दोन्हीकडचे स्नायू ताठरतात.

सध्या मान कटकन मोडून दुखणे घालवल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. ही कायरोप्रॅक्टिक पद्धत 1895 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा असतो. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. असे क्वचितच होते, पण झाले तर घर उघड्यावर पडते. आपल्याकडे दंतवैद्यांची नोंदणी करणारी सरकारी परिषद आहे, कायरोप्रॅक्टिकसाठी तशी नाही. म्हणून सलूनमध्ये असो की महागड्या क्लिनिकमध्ये, मानेला झटका देऊ देऊ नका.

घरी काय करावे? ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे ठेवा. काही दिवस खिचडी, वरणभात असे मऊ खा. सुपारी, च्युइंगगम बंद करा. कोमट ओल्या फडक्याने 10 ते 15 मिनिटे शेका. जांभई येताना हनुवटीखाली हात धरा. कामातून अधूनमधून उठून मान हळूहळू फिरवा. बहुतेकांना एवढ्याने काही आठवड्यांत आराम पडतो.

नाही पडला, तर सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मानेसाठी फिजिओथेरपी विभागात पाठवायला सांगा. तिथे झटका न देता व्यायाम शिकवतात.

गुटखा, खर्रा खाणाऱ्यांनी आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का, ते आजच पाहावे. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर तो कर्करोगाआधीचा आजार असू शकतो. गाल सुजून ताप आला, तर दातात पू झालेला असू शकतो. दोन्हींत लगेच तपासून घ्या.

जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. शेकत बसू नका, 108 ला फोन करा. बायकांनी तर "दात दुखत असेल" म्हणून अंगावर काढूच नये.