५१५४ लेखक आणि एक बोका

परदेशी विद्यापीठाशी करार झाला की शाल, श्रीफळ, फोटो. मग फाईल कपाटात. प्राध्यापकांच्या खऱ्या जोड्या मात्र भलत्याच ठिकाणी जमतात.

ओळख ना पाळख: १९२४. ढाका विद्यापीठातल्या तिशीच्या सत्येंद्रनाथ बोसांनी थेट आइनस्टाइनना निबंध धाडला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला. ‘बोसॉन’ कणांना नाव मिळालं ते याच बोसांचं.

मुक्काम पोस्ट सूटकेस: हंगेरीचे गणिती पॉल एर्डोश सूटकेस घेऊन एका गणितज्ञाच्या घरून दुसऱ्याच्या घरी मुक्काम हलवत. कमाई: सुमारे १५०० निबंध, पाचशेहून जास्त सहलेखक. त्यांच्यासोबत लिहिलंत तर तुमचा ‘एर्डोश क्रमांक’ १, त्यांच्या सहलेखकासोबत लिहिलंत तर २. लग्नघरी नातं काढावं तसे गणितवाले हा क्रमांक काढत बसतात.

वऱ्हाडच मोठं: २०१५ मध्ये ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा निबंध छापला. पानं ३३. संशोधन ९ पानांत. उरलेल्या २४ पानांवर ५१५४ लेखक आणि त्यांच्या संस्था!

‘आम्ही’ म्हणजे कोण? १९७५. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅक हेदरिंग्टननी एकट्यानंच लिहिलेल्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ टाइप केलं होतं. सहकारी म्हणाला, हे चालायचं नाही. आता सगळं पुन्हा कोण टाइप करणार? त्यांनी आपला बोका चेस्टर यालाच सहलेखक केलं, नाव दिलं एफ. डी. सी. विलर्ड. निबंध छापूनही आला.

कुठले पाटील? ‘एस. पाटील’ शेकड्यानं सापडतील. म्हणून २०१२ पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो. आडनाव बदललं, विद्यापीठ सुटलं, तरी क्रमांक तोच.

साडेनऊ की साडेदहा? पुण्याचं घड्याळ न्यूयॉर्कच्या पुढे: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्च-नोव्हेंबरात तिकडचे काटे सरकले, की ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणीतरी तासभर एकटाच ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो.

नागनाथाच्या शेजारी: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. पुण्याची ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संस्था यात भागीदार. अमेरिकेतल्या वेधशाळांपासून इतक्या दूर एक कान लागला, की लहर आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं कळतं. इथे जोडीदार जितका लांबचा, तितका कामाचा.