हातातील व्हिडिओ गेमचे टिकाऊ आकर्षण : ‘ब्रिक गेम’च्या संदर्भात

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील जत्रांच्या पालांतून व एस. टी. स्थानकांबाहेरील गाड्यांवरून तळहाताएवढे एक चिनी बनावटीचे खेळणे विकले जाऊ लागले. करड्या पडद्याचा हा ‘ब्रिक गेम’ बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील मुलांच्याही परिचयाचा झाला. त्याची ओढ म्हणजे केवळ बालपणाची आठवण, असे सर्रास मानले जाते. प्रस्तुत लेखात या आकर्षणाचे कारण खेळाच्या रचनेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अशा खेळांना जगभर लोकप्रियता मिळवून देणारे गुन्पेई योकोई हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील अभियंता होत. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेला द्रवस्फटिक पडदा त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’साठी वापरला. जुने, पारखलेले व म्हणूनच स्वस्त तंत्र नव्या कामी लावावे, ही त्यांची भूमिका होती. १९८९ च्या ‘गेम बॉय’चा पडदाही एकरंगीच ठेवण्यात आला. सेगा कंपनीचा रंगीत ‘गेम गिअर’ सहा सेल काही तासांतच संपवी. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. बाजारात टिकला तो गेम बॉयच.

ब्रिक गेमचा पडदा याहून साधा, १० चौकोन रुंद व २० चौकोन उंच. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजक्याच खेळांचा वेग व पातळी बदलून तो आकडा फुगवलेला असे. (हे कळूनही गिऱ्हाईक तो घेतच असे.) मुख्य खेळ मात्र अस्सल होता. मॉस्को येथे अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेल्या ‘टेट्रिस’चीच ती नक्कल होती. चार चौकोन कडेला कड लावून जोडले असता, तुकडा पालथा न करता, सातच आकार संभवतात. वरून पडणारे हे आकार फिरवून आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. म्हणजे साधलेले पडद्यावरून पुसले जाते आणि चुकलेले मात्र साचत जाते. आपली चूक व ती सावरण्याची वाट या दोन्ही गोष्टी खेळणाऱ्यासमोर सतत राहतात. वेग वाढतच जात असल्याने शेवटी हार ठरलेली. प्रश्न केवळ किती वेळ तग धरला, एवढाच. पुन्हा एकदा खेळून पाहण्याची इच्छा येथेच निर्माण होते.

ग्रामीण भागातील परिस्थितीही या खेळाला अनुकूल ठरली. २००० च्या दशकात भारनियमन तासन् तास चाले. टी.व्ही.ला जोडावयाचे गेम अशा वेळी निरुपयोगी ठरत. ब्रिक गेम दोन पेन्सिल सेलवर चालू राही. पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्याने तो दिवसा ओट्यावर खेळावा लागे. यंत्र एकच, त्यामुळे एकजण ‘आउट’ होईपर्यंत बाकीची भावंडे खांद्यावरून डोकावून सूचना देत. सेल काढले की उच्चांक पुसला जाई, म्हणून साक्षीदार हवाच असे.

आज हेच खेळ मोबाईलवर विनामूल्य मिळतात. परंतु त्यांतील अनेकांमध्ये जाहिराती येतात, पैसे भरण्याचे आग्रह होतात आणि खेळणाऱ्याने परत यावे म्हणून सूचना पाठविल्या जातात. ब्रिक गेम एकदा विकला की विकणाऱ्याला मुलाकडून पुढे काहीच नको असे. सेल संपले की खेळ थांबे. नवे कधी आणायचे, हे घरातील वडीलधारी माणसे ठरवीत.